चित्रपट दाखवा, पण शेवटपर्यंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : ‘लिटल बॉय’ हा चित्रपट मुलांना दाखवताना

सुट्ट्या लागल्या की ‘मुलांबरोबर बघावेत असे चित्रपट’ अशा याद्या फिरू लागतात. शाळांची स्नेहसंमेलनं आणि चर्चमधल्या मुलांच्या शिबिरांसाठीही याच याद्या वापरल्या जातात. त्यांत २०१५ सालचा ‘लिटल बॉय’ हमखास असतो आणि त्याच्यापुढे एका ओळीत लिहिलेलं असतं : ‘युद्धावर गेलेल्या वडिलांसाठी आठ वर्षांचा मुलगा प्रार्थना करतो आणि त्याच्या विश्वासाने डोंगर हलतो, युद्ध थांबतं.’ जोडीला दोन-तीन मिनिटांची एक चित्रफीतही मोबाइलवर येते. मुलगा हात पुढे करून ओरडतो, भूकंप होतो, लोक अवाक् होतात आणि फीत संपते. आमची तक्रार त्या ओळीबद्दल आहे आणि त्या फितीबद्दलही. चित्रपट असं म्हणत नाही. उलट असं म्हणणाऱ्यांना तो शेवटच्या टप्प्यात चांगलाच अडचणीत आणतो, आणि दाखवणारे नेमका तोच टप्पा गाळतात.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं ओ’हेअर नावाचं काल्पनिक गाव, काळ दुसऱ्या महायुद्धाचा. (प्रत्यक्ष चित्रण मेक्सिकोत, बाहा कॅलिफोर्नियातल्या रोसारितोच्या स्टुडिओत झालं. गाव इतकं सोनेरी दिसतं याचं ते एक कारण.) पेपर हा वयाच्या मानाने फारच बुटका मुलगा, म्हणून सगळे त्याला ‘लिटल बॉय’ म्हणून चिडवतात. त्याला मित्र एकच, त्याचे वडील. लंडन नावाचा थोरला भाऊ सैन्यात भरती व्हायला जातो, पण तळपाय सपाट असल्यामुळे नापास होतो आणि त्याच्या जागी वडिलांना जावं लागतं. पुढे ते फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या कैदेत सापडतात. बेन ईगल हा पेपरचा आवडता जादूगार. त्याच्या प्रयोगात पेपर रंगमंचावर जातो, नुसत्या हाताच्या इशाऱ्याने बाटली हलवतो आणि आपल्या अंगात शक्ती आहे असं त्याला वाटू लागतं. त्यातच चर्चमध्ये मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाचं वचन कानांवर पडतं. मग काय, वडिलांना परत आणायला पोरगा रोज समुद्राकडे तोंड करून, जपानच्या दिशेने हात ताणून उभा राहतो.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे आणि जरा धोक्याचीही. हा धोका कथाकाराने ओळखला आहे, हे फादर ऑलिव्हरच्या प्रसंगांत दिसतं. पेपर आणि लंडन यांनी गावातल्या हाशिमोतो नावाच्या एकट्या जपानी माणसाच्या घरावर दगडफेक केलेली असते. फादर पेपरला सांगतात की मनात द्वेषाचा कण असेल तोवर विश्वास काम करत नाही, आणि त्याच्या हातात एक जुनी यादी देतात : भुकेल्याला अन्न द्या, बेघराला आसरा द्या, तुरुंगातल्याला भेटा, उघड्याला वस्त्र द्या, आजाऱ्याला भेटा, मृताला मूठमाती द्या. मग पेन काढून खाली एक ओळ वाढवतात : हाशिमोतोशी मैत्री कर.

ही यादी पटकथाकाराच्या मनची नाही. कॅथलिक परंपरेत जिला दयेची सात शारीरिक कृत्यं म्हणतात तीच ही, फक्त तहानलेल्याला पाणी देण्याचं कलम चित्रपटात दिसत नाही. सातांपैकी सहा कृत्यं मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातून आली आहेत. सातवं, मृतांना पुरण्याचं, तोबीतच्या पुस्तकातून आलं आहे. हे पुस्तक कॅथलिकांच्या बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंटांच्या बायबलमध्ये नाही. वसईच्या कॅथलिक मुलांना त्यामुळे जी यादी ऐकून पाठ असते ती अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) प्रॉटेस्टंट मंडळीतल्या मुलांना अर्धवटच ओळखीची वाटते. शिबिरात दोन्हीकडची मुलं असतील तर एवढं आधी सांगून टाकावं, नाहीतर चर्चा यादीच्या मजकुरावरच अडते. ज्यांचा यांतल्या कशाशीच संबंध नाही अशा मुलांना काही अडचण येत नाही. भुकेल्याला जेवण आणि प्रेताला खांदा ही कामं सगळ्यांना कळतात.

बाटलीचा दुसरा प्रसंग नीट पाहावा असा आहे. फादर टेबलावर बाटली ठेवतात आणि पेपरला म्हणतात, हलव. पेपर हात पुढे करून, दात-ओठ खाऊन जोर लावतो. बाटली जागची हलत नाही. तो पुन्हा जोर लावतो. शेवटी फादर स्वतःच हात पुढे करून बाटली उचलतात आणि दुसरीकडे ठेवतात. बाटली हलली ना? तू मला हलवलंस, मी तिला हलवलं. सगळ्या चित्रपटाची किल्ली इथे आहे. जादूगाराने हातचलाखी केली होती. फादर ती करत नाहीत, ते माणसाच्या हाताकडे बोट दाखवतात. फिरणाऱ्या चित्रफितीत हा प्रसंग कधीच नसतो, कारण त्यात ‘चमत्कार’ नाही. भूकंपाच्या प्रसंगावर मुलांनी टाळ्या वाजवल्या तर वाजवू द्याव्यात. पण चर्चेला बसताना त्याच्या शेजारी बाटलीचा हा प्रसंग ठेवावा आणि विचारावं : इथे कोणी काय हलवलं?

आता मुख्य मुद्दा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेल्या अणुबॉम्बचं सांकेतिक नाव ‘लिटल बॉय’ होतं. चित्रपटाचं नावही तेच आहे, आणि हा योगायोग नाही. वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत ते नाव छापून येतं आणि गावकरी पेपरला डोक्यावर घेतात, जणू त्याच्या ताणलेल्या हातांनीच हे घडलं. अमेरिकेतल्या बऱ्याच समीक्षकांनी चित्रपटाला याच जागी धारेवर धरलं, आणि त्यांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. लाखभर माणसांच्या मरणाला एका पोराच्या प्रार्थनेचं फळ म्हणून दाखवणं ओंगळ आहे. पण चित्रपट त्या जल्लोषापाशी थांबत नाही. घरातला आनंद क्षणभरही टिकत नाही, कारण वडील अजून कैदेत आहेत आणि एक शहर बेचिराख झाल्यावर त्या कैद्यांचं काय होणार ही धास्ती घरात शिरते. पेपरला स्वप्न पडतं. तो राखेच्या शहरातून चालतो आहे आणि भोवती जळून कोळसा झालेली माणसं आहेत. थोड्याच वेळात वडील गेल्याची बातमी येते. ती चुकीची ठरते. दुसऱ्याच कैद्याचा देह त्यांचा समजला गेलेला असतो. वडील जखमी अवस्थेत परत भेटतात, पण तोपर्यंत ‘हात ताणला आणि काम झालं’ हा हिशेब मोडलेला असतो.

आणि हा सगळा भाग शेवटी येतो, म्हणूनच तो गाळला जातो. चित्रपटाची लांबी १०६ मिनिटं. शाळेत जोडतास मिळतो, म्हणजे ४० मिनिटांच्या दोन तासिका, ८० मिनिटं. त्यांतली दहा मिनिटं मुलं बसवण्यात आणि प्रोजेक्टर लावण्यात जातात. उरल्या ७० मिनिटांत भूकंप होतो, टाळ्या होतात, घंटा वाजते आणि ‘पुढचं घरी बघा’ म्हणून मुलं सुटतात. दुसरी खोड मध्यंतराची. आपल्याला मध्यंतराची सवय आहे, म्हणून मधेच कुठेतरी चहा-बिस्किटांसाठी थांबतात, उरलेला वेळ कमी पडतो आणि मग ‘थोडं पळवू या’ म्हणत राखेच्या शहराचा प्रसंग पुढे ढकलला जातो. कारण दिलं जातं की मुलं घाबरतील. तीन तासिका सलग मिळत नसतील तर हा चित्रपट लावूच नये. दोन दिवसांत दाखवायचा झाला तर बाटलीचा दुसरा प्रसंग आणि यादी झाल्यावर थांबावं. तिथे गोष्टीला स्वाभाविक विसावा आहे आणि मुलं यादीबद्दल बोलत घरी जातात. वर्तमानपत्राच्या मथळ्यापाशी मात्र कधीही थांबू नये.

भीतीचं म्हणाल तर अमेरिकेत चित्रपटाला पीजी-१३ वर्ग मिळाला होता, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी काळजी घ्यावी. युद्धाची दृश्यं आहेत, हाशिमोतोला होणारी मारहाण आहे, जळालेले देह आहेत. पाचवीच्या आतल्या वर्गांना आम्ही तो दाखवू नये असंच म्हणू. सहावी-सातवीपासून पुढे दाखवावा, पण आधी दोन वाक्यांत सांगून ठेवावं की शेवटी एका जळालेल्या शहराचं स्वप्न आहे. माहीत असलेल्या दृश्याला मूल तोंड देतं. अचानक समोर आलं तर शेजारच्याला कोपर मारून हसतं, आणि एकदा हशा पिकला की वर्ग हातचा गेला.

वर्गात सांगायचा इतिहासही सोपा आणि नेमका असावा. हाशिमोतोपासून सुरुवात करावी. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि त्यानुसार पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. मोठ्या छावण्या दहा होत्या, पैकी मँझनार आणि टूली लेक या दोन कॅलिफोर्नियातच. किनाऱ्यावर परतण्याची बंदी २ जानेवारी १९४५ पासून उठली. छावणीतून सुटलेला हाशिमोतो किनाऱ्यावरच्या गावात राहताना दिसतो, याचा अर्थ ही गोष्ट काटेकोरपणे घ्यायची तर त्या तारखेनंतरची आहे. परतलेल्या अशा कुटुंबांच्या घरांवर दगड पडल्याच्या, गोळ्या झाडल्याच्या घटना खऱ्याच घडल्या होत्या.

वडिलांच्या कैदेबद्दल चित्रपट तारखा जरा सैल धरतो, हेही सांगावं. फिलिपिन्समधल्या कैद्यांची मोठी सुटका १९४५ च्या सुरुवातीलाच झाली होती. ३० जानेवारीला काबानातुआनच्या छावणीवर छापा घालून पाचशेहून अधिक कैदी सोडवले गेले आणि फेब्रुवारीत मनिलातल्या छावण्या मोकळ्या झाल्या. म्हणजे ऑगस्टपर्यंत तिथे अडकून पडलेला कैदी हा कथेच्या सोयीचा आहे. पण घरच्यांची धास्ती मुळीच खोटी नाही. १४ डिसेंबर १९४४ रोजी पालावान बेटावर जपानी पहारेकऱ्यांनी १५० अमेरिकन कैद्यांना खंदकांत उतरवलं, पेट्रोल ओतून आग लावली आणि बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. १३९ मेले, ११ निसटले. काबानातुआनवरचा छापा इतक्या घाईने घातला गेला तो पुन्हा असंच होऊ नये म्हणून.

ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र लांबलं ती आता सांगतो. बॉम्ब पडला तेव्हा हिरोशिमातही अमेरिकन कैदी होते. २८ जुलै १९४५ रोजी पाडलेल्या ‘लोनसम लेडी’ आणि ‘टालोआ’ या बी-२४ विमानांतले काही जण आणि आणखी काही हवाई सैनिक शहरात लष्करी पोलिसांच्या ताब्यात होते. असे बारा जण आपल्याच देशाच्या बॉम्बने गेले. ‘लोनसम लेडी’चा मुख्य वैमानिक वाचला, कारण चौकशीसाठी त्याला आधीच शहराबाहेर हलवलं होतं. घरच्यांना कित्येक वर्षं नेमकं काही कळलं नाही. हे बारा कोण होते याचा छडा लावला तो शिगेआकी मोरी या हिरोशिमाच्याच माणसाने. हे त्याचं कामच नव्हतं. कंपनीत नोकरी करता करता, सुट्टीच्या दिवशी जुने कागद धुंडाळत आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांना पत्रं लिहीत, फोन करत त्याने ते केलं आणि या कैद्यांची नावं स्मारकाच्या नोंदीत यावीत म्हणून खटपट केली. २७ मे २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा हिरोशिमाला आले तेव्हा त्यांनी ज्या वृद्ध गृहस्थाला जवळ घेतलं तो हाच. आणि बॉम्ब पडला त्या सकाळी मोरी एका पुलावर होता. स्फोटाच्या झोताने तो खाली नदीत फेकला गेला. त्याचं वय तेव्हा आठ वर्षं होतं.

म्हणजे पेपरच्याच वयाचा मुलगा. शत्रूच्या बाजूचा, बॉम्बखाली सापडलेला, आणि मोठेपणी शत्रूच्या मुलांचा पत्ता त्यांच्या आई-बापांना कळवणारा. फादर ऑलिव्हरच्या यादीतली शेवटची दोन कामं, मृताला मूठमाती आणि परक्याशी मैत्री, ज्या माणसाने आयुष्यभर केली त्याच्याबद्दल वर्गात दहा मिनिटं बोललं तर चित्रपटातली उणीव पुष्कळशी भरून निघते. आमच्या मते चित्रपटाची खरी उणीव हीच आहे की बॉम्बखालचं एकही जपानी मूल नावानिशी पडद्यावर येत नाही. राख दिसते, पण त्या राखेत कोण होतं ते दिसत नाही.

बॉम्बची माहिती देताना आकडे थोडे आणि पक्के असावेत. लांबी सुमारे ३ मीटर, वजन सुमारे ४,४०० किलो. आत सुमारे ६४ किलो समृद्ध युरेनियम. युरेनियमचा एक तुकडा तोफेच्या नळीसारख्या नळीतून दुसऱ्यावर डागायचा, अशी त्याची रचना. प्रत्यक्षात विखंडन झालं (अणू फुटले) ते एक किलोहूनही कमी युरेनियमचं. विमान ‘एनोला गे’, वेळ सकाळी ८ वाजून १५ मिनिटं, स्फोट जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, शक्ती सुमारे १५,००० टन टीएनटी या स्फोटकाएवढी. वर्षअखेरपर्यंत मृत्यू अंदाजे १,४०,०००. आगीचा फैलाव रोखायला घरं पाडून मोकळे पट्टे काढण्याच्या कामावर त्या सकाळी शाळकरी मुलं लावलेली होती, त्यांतली हजारो गेली. हे शेवटचं वाक्य आकड्यांच्या गर्दीत हरवू नये. ६ ऑगस्टला आपल्या काही शाळांत कागदाचे करकोचे करतात, त्या मुलांना बॉम्बच्या किरणोत्सर्गामुळे आजारी पडलेली, करकोचे करणारी हिरोशिमाची मुलगी सादाको माहीत असतेच. बाकीच्यांना करकोचा करायला लावून मग सांगावं.

मराठी उपशीर्षकं करणाऱ्यांसाठीही थोडं. घरोघरी आणि मंडळांतून हौसेने ती केली जातात आणि त्यांत ठरावीक ठिकाणी घसरायला होतं.

पहिलं मोहरीचं. आपल्याकडे ‘राईचा पर्वत करणे’ म्हणजे क्षुल्लक गोष्ट फुगवणे. चित्रपटातल्या वचनात राई आणि पर्वत दोन्ही आहेत, पण अर्थ थेट उलटा. तिथे राईएवढ्या विश्वासाने पर्वत सरकतो. उपशीर्षकात ‘राई’ लिहिलं की मुलं म्हणीकडे वळतात आणि हसतात. मराठी बायबलप्रमाणे ‘मोहरीचा दाणा’ आणि ‘डोंगर’ लिहावं, गोंधळ टळतो. तसंच मराठी बायबलचा शब्द ‘विश्वास’ आहे, ‘श्रद्धा’ नाही. ‘श्रद्धा’ म्हटलं की आपल्या वर्गात पाठोपाठ ‘अंधश्रद्धा’ येते आणि चर्चा तिकडे जाते. ती चर्चाही व्हावी, पण ती बाटलीच्या प्रसंगावरून व्हावी, भाषांतरातल्या एका शब्दावरून नको.

दुसरं ‘पार्टनर’. बाप-लेक एकमेकांना पार्टनर म्हणतात, आणि हे जमेल असा विश्वास आहे ना, असं विचारतात. ‘सोबती’ पुस्तकी होतं, ‘जोडीदार’ म्हटलं की नवरा-बायको आठवतात. ‘भिडू’ हा शब्द जणू याच कामासाठी घडवलाय. तिसरं म्हणजे ‘जॅप’. ही शिवी आहे. सभ्यपणा म्हणून ‘जपानी’ लिहिलं तर हाशिमोतोचा चेहरा का पडतो ते मुलांना कळत नाही. ‘जपान्या’ लिहावं, त्यातला तुच्छतेचा ‘या’ मराठी कानाला लगेच लागतो. आणि नाव ‘हाशिमोतो’ असं दंत्य त घालून लिहावं. अमेरिकन पात्रं ‘टो’ म्हणतात, पण जपानी उच्चार ‘तो’ आहे, आणि देवनागरीत तो लिहिता येतो ही आपली चैन आहे.

तांत्रिक बाजू. एका ओळीत ४२ चिन्हं, एका वेळी दोन ओळी, मुलांसाठी सेकंदाला १३ चिन्हं असा संकेत आहे. पण संगणक मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतो. ‘विश्वास’ हा डोळ्याला तीन अक्षरांचा शब्द, संगणकाला सात चिन्हांचा. ‘मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास’ डोळ्याला बारा अक्षरं, संगणकाला जागांसकट अठ्ठावीस. म्हणून सॉफ्टवेअरने ओळ लाल केली की घाबरून अर्थ छाटत बसू नये. मोठ्याने वाचून बघावं, पात्राचं बोलणं संपायच्या आत वाचून झालं की पुरे. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेत पद्धतीतच जतन करावी, नाहीतर पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उमटतात. अनेक टीव्ही पेनड्राइव्हवरची देवनागरी दाखवतात, पण जोडाक्षरं फोडून. ‘विश्वास’चा ‘विश्‌वास’ होतो, र्‍हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर चढते. लॅपटॉपवरून एचडीएमआय तारेने दाखवावं. ते शक्य नसेल तर उपशीर्षकं चित्रातच कायमची उतरवून घ्यावीत.

आणखी एक नेहमीचा घोटाळा. सुरुवातीला मजकूर बरोबर जुळतो आणि हळूहळू मागे-पुढे होत जातो. कारण चित्रफीत सेकंदाला २५ चौकटींची (फ्रेम्सची) आणि उपशीर्षकं २३.९७६ चौकटींच्या प्रतीवर बेतलेली, किंवा उलट. फरक चार टक्क्यांचा, पण १०६ मिनिटांच्या शेवटी तो चार मिनिटांच्या वर जातो. वडील गेल्याची बातमी पडद्यावर येते तेव्हा खाली भलताच संवाद असतो. सगळा मजकूर काही सेकंद मागे-पुढे सरकवून हे सुटत नाही, चौकटींचा दरच बदलावा लागतो. उपशीर्षकांच्या कुठल्याही चांगल्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. प्रत्यक्ष खेळाआधी पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट दोन्ही तपासावीत. बहुतेक जण फक्त पहिलं तपासतात.

कायद्याबद्दल दोन शब्द, कारण याबाबत सगळीकडे ‘चालतं हो’ असंच ऐकू येतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(जे) नुसार शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवता येतो, पण प्रेक्षक फक्त शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती हवेत. शाळेच्या मैदानावर गावाला आमंत्रण देऊन लावलेला खेळ त्यात बसत नाही. चर्चच्या आवारातला, मंडळाचा किंवा सोसायटीच्या गच्चीवरचा खेळही बसत नाही, तिकीट नसलं तरी. तिथे हक्कधारकाची परवानगी लागते, आणि ओटीटीचं घरगुती खातं म्हणजे ती परवानगी नव्हे.

खेळ संपल्यावर वेळ फार नसतो आणि मुलांना भूकही लागलेली असते. तीन प्रश्न पुरतात. बाटली कोणी हलवली? लोक पेपरला खांद्यावर घेऊन नाचत होते तेव्हा हाशिमोतो कुठे होता, त्याला काय वाटलं असेल? यादीतलं कुठलं काम पेपरला सगळ्यात जड गेलं? मुलं बहुधा पहिल्या प्रश्नाला ‘फादरने’ असं पटकन सांगतात आणि मग थांबतात. तिथे मोठ्यांनी मधे बोलू नये. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या, घरटी कोणीतरी फौजेत असलेल्या गावात हा खेळ लावणाऱ्यांनी वडिलांची वाट बघण्याबद्दल चौथा प्रश्न विचारायच्या आधी विचार करावा. वडिलांची वाट बघणं तिथल्या मुलांना पडद्यावरून शिकायचं नसतं, आणि वडील गेल्याच्या खोट्या बातमीचा प्रसंग आला की एखादं मूल उठून बाहेर जाऊ शकतं. दाराशी एक शिक्षिका आधीपासून उभी असलेली बरी.

आपले,
चित्रपट दाखवणारे आणि त्यावर बोलणारे काही शिक्षक, वसई